सगळं नॉर्मल आहे

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीत माणसाची किंमत पंचवीसपैकी ठरायची. छातीचा सीटी स्कॅन केला की फुप्फुसांना २५ पैकी गुण मिळायचे. हे गुण जितके जास्त तितकं वाईट, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आकडा कानावर पडला की ऐकणाऱ्याचा चेहरा दहावीचा निकाल ऐकल्यासारखा व्हायचा. मला ९ मिळाले. डोंबिवलीतल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत ९ म्हणजे सेकंड क्लास. दुसऱ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींना १४ होते. ते बरे होऊन परत आले आणि तेव्हापासून पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत कुठल्याही विषयात त्यांचा शब्द शेवटचा ठरू लागला. तळमजल्यावरच्या काकूंना फक्त ४. त्या बिचाऱ्या विषय निघाला की स्वयंपाकघरात जायच्या.

आतल्या खोलीत मी सतरा दिवस काढले. त्या दिवसांत माझं जे जे मोजता येईल ते मोजलं गेलं. ताप, नाडी, ऑक्सिजन, सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन. दिवसातून चार वेळा बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लागायचा आणि आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचा. नाशिकची मावशी सकाळी सातलाच विचारायची, "आज कितीवर उघडला?" रात्री मुलगा बंद भाव टाकायचा. ऑक्सिजन ९३ वर उतरला त्या रात्री पुण्याचा मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी आदराने बोलला. ९६ झाल्यावर तो मूळ पदावर आला.

मग रिपोर्ट निगेटिव्ह आला. खोलीचं दार उघडलं, हिने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, समोरच्यांनी दारातूनच टाळ्या वाजवल्या, आणि आकडे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि पायांना उठायला सांगितलं. मी तीस वर्षं विमा कंपनीच्या क्लेम विभागात काढली आहेत. अर्ज पोचलाय, वाचलाय, आणि त्यावर काही होणार नाहीये, हे मला समोरच्याच्या नुसत्या शांततेवरून कळतं. पाय तसे शांत होते. मी दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवून पुन्हा विनंती केली. तेव्हा कमरेतून, मांड्यांतून आणि आजवर ज्यांचं अस्तित्व मला माहीतच नव्हतं अशा काही जागांतून एकदम हरकती आल्या.

त्या आठवड्यात मला माझं शरीर नव्याने भेटलं. दुधाची पिशवी दाताने फोडावी लागत होती. कुकरचं झाकण लावायला मनगट तयार नव्हतं. मेतकुटाच्या बरणीशी मी पाच मिनिटं झुंजलो आणि शेवटी ती आईकडे दिली. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने ती एका हाताने उघडली, मेतकूट ताटात वाढलं, आणि झाकण पुन्हा इतकं घट्ट लावलं की दुसऱ्या दिवशीही तिलाच बोलवावं लागलं. आमच्या तिसऱ्या मजल्याला ५४ पायऱ्या आहेत. वीस वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. मे महिन्यात कळलं. छत्तिसावी जरा उंच आहे.

डॉक्टरांकडे गेलो. आमचे फॅमिली डॉक्टर सज्जन आहेत, पण त्या दिवसांत त्यांच्या दवाखान्याबाहेर रेशनसारखी रांग असे. मी म्हटलं, "सगळं अंग दुखतंय." ते म्हणाले, "ऑक्सिजन?" मी म्हटलं, "९८." ते म्हणाले, "मग छान आहे की!" आणि पुढच्या पेशंटकडे बघू लागले. तरी भिडेखातर त्यांनी तपासण्या लिहून दिल्या. ईएसआर, युरिक अॅसिड, आरए फॅक्टर, सीपीके, थायरॉइड. मी रांगेत उभा राहून रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी निकाल आला. सगळं नॉर्मल. एकही आकडा ठळक अक्षरांत नाही. शेजारी साधा बाणसुद्धा नाही.

आता माझी अडचण लक्षात घ्या. तीस वर्षं मी खिडकीपलीकडच्या माणसाला एकच वाक्य सांगत आलो आहे. "कागद आणा." तुमचं दुःख खरं असेल हो, पण त्याला कागद हवा. कागद नसेल तर क्लेम नाही. आणि आता मीच सगळं अंग ठणकत असलेला, हातात 'नॉर्मल'चे पाच कागद घेऊन घरी आलो होतो. हिने ते वाचले आणि म्हणाली, "मग आता उद्यापासून भाजी आणायला हरकत नाही." मी तिच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. नियमात बसतच नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी व्हिटॅमिन डी तपासलं. ते ११ निघालं. ३० च्या वर हवं असतं. त्या दिवशी आमच्या घरात आनंदाचं वातावरण होतं. मुलाने फोटो काढून ग्रुपवर टाकला, मावशीचा लगेच फोन, "म्हणजे खरंच काहीतरी आहे तर!" पुढचे आठ आठवडे दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी दुधातून घेतली. डी वर गेलं. दुखणं जिथे होतं तिथेच राहिलं, फक्त पुन्हा बिनकागदाचं झालं.

या काळात माझ्यावर विश्वास ठेवणारी घरात एकच व्यक्ती होती. तिने रिपोर्ट मागितला नाही. ती म्हणाली, "दुखतंय म्हणजे नक्की काय होतंय? ठणकतंय का सलतंय?"

मला प्रश्नच कळला नाही. दवाखान्यात 'पेन आहे का' एवढंच विचारतात, त्याला हो किंवा नाही म्हणायचं असतं. आई मात्र जुन्या सराफासारखी खडा उजेडात धरून बसली. ठणका म्हणजे आत कुणीतरी ठोके देतंय, तो रात्री वाढतो. सल म्हणजे काटा राहून गेल्यासारखं, ते हललं की कळतं. कळ येते आणि जाते. सणक वरून निघून खालपर्यंत पोचते. चमक भरते, उसण भरते, आणि भरली की माणूस ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत त्याचा पुतळा होतो. पोटरीत गोळा येतो, तळव्याला मुंग्या येतात. उभं राहून राहून पायाला रग लागते. अंग कसकसतं ते ताप येण्याआधी, मोडून येतं ते तापात, आणि ताप उतरल्यावर हातपाय वळतात. पाठ धरते, मान आखडते, मांडी अवघडते. पाय भरून येतात. मराठीत आभाळ, गळा आणि पाय हे तिन्ही भरून येतात, त्यातलं पहिलं तेवढं बरसून मोकळं होतं.

"माझं ना आई, सकाळी उठलं की सगळं आंबल्यासारखं असतं," मी म्हटलं.

"हां, आता बोललास!" ती म्हणाली. इडलीचं पीठ रात्रभर झाकून ठेवावं तसं माझं अंग सकाळी फुगून आंबलेलं असे, हे मला तोपर्यंत धड सांगताच आलं नव्हतं. निदान झालं. उपाय काही नव्हता, पण त्या रात्री मला जरा झोप लागली.

आईचा अधिकार अनुभवाचा होता. २००६ साली चिकनगुनियाची साथ महाराष्ट्रभर फिरली, तेव्हा ती मराठवाड्यात मामाकडे गेली होती आणि तिथून तो घेऊन आली. ताप चार दिवसांत गेला आणि सांधे दीड वर्षाने परत मिळाले. तेव्हा तिची तक्रार वेगळीच होती. "मी जन्मात कोंबडीला हात लावला नाही, मला कसा झाला?" या आजाराचं कोंबडीशी काही नातं नाही. हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे. १९५२ मध्ये टांझानियाच्या दक्षिण भागात साथ आली, तेव्हा माणसं दुखण्याने वाकून चालायला लागली, म्हणून 'वाकवणारा' अशा अर्थाचं हे नाव पडलं. आपल्याकडे डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात, तशातलंच. ज्यांनी दुखणं भोगलं त्यांनीच बारसं केलं की नाव चुकत नाही. कोव्हिडचं नाव मात्र कमिटीने ठेवलं आणि त्यात सालाचा आकडा घातला. फाईल नंबर असतो तसा.

'लाँग कोव्हिड' हे नाव मात्र कमिटीचं नाही. मुलाने ते मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवलं. २०२०च्या मे महिन्यात एलिसा पेरेगो नावाच्या इटलीतल्या संशोधक बाईंनी ते पहिल्यांदा वापरलं. त्यांना स्वतःला लोम्बार्डीत कोव्हिड झाला होता आणि तो संपायला तयार नव्हता. या बाई डॉक्टर नाहीत, पुरातत्त्वज्ञ आहेत. म्हणजे उकरून हाडं काढणं हाच व्यवसाय. मला हे फार पटलं. ज्या आजारात वरवर पाहिलं तर काही दिसत नाही, तिथे खणणारं माणूसच हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रकाराची अधिकृत व्याख्या केली ती ६ ऑक्टोबर २०२१ ला. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्याही निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणं. मी एप्रिलपासून दुखत होतो. म्हणजे मधले पाच-सहा महिने माझं दुखणं बेकायदा बांधकाम होतं, ते ऑक्टोबरमध्ये नियमित झालं. मी ती बातमी हिला वाचून दाखवली. 'दुसऱ्या कुठल्याही निदानाने उलगडत नाहीत' हे शब्द दोनदा वाचले. ती म्हणाली, "म्हणजे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरच हा आजार होतो?" बायकोला क्लेम विभागात घ्यायला हवं होतं.

मध्यंतरी जुलैत एक घाबरवणारी बातमी येऊन गेली. मुंबईतल्या डॉक्टरांना कोव्हिडमधून उठलेल्या तीन रुग्णांच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा झिजताना सापडला. त्याचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि उपचारात दिलेल्या स्टिरॉइडवर संशय होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात स्टिरॉइड घेतलेले सगळे पुरुष एका पायावर उभे होते. सेक्रेटरी पाय आत वळवून, बाहेर वळवून दाखवत होते. एरवी गणपतीतसुद्धा न नाचणारी ही माणसं. मीही घाबरून एमआरआय केला. तो नॉर्मल आला आणि ही तीन दिवस त्या पैशांत काय काय आलं असतं ते सांगत होती.

सेक्रेटरींचा सल्ला असा की दुखणं अंगावर बसू द्यायचं नाही, रोज दहा हजार पावलं चालायचं. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता, तिथून तो जगभर गेला. पण आकडा म्हटला की माझा विवेक सुटतो. मी एका रविवारी स्टेशनपर्यंत, तिथून पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून परत असा चाललो. ८,२०० झाली. घरी जिन्यात ५४ आणखी मिळाली. साडेसतराशे कमी पडली म्हणून गच्चीवर फेऱ्या मारल्या. त्या दिवशी मला फार छान वाटलं. सोमवारीही बरं होतं. मंगळवारी सकाळी मला कुशीवर वळायला मुलाची मदत लागली. पुढचे चार दिवस मी पलंगावर होतो, आणि सेक्रेटरी खालून ओरडून विचारत होते, "काय, आज किती?"

मग फिजिओथेरपिस्टकडे गेलो. मुलगी जेमतेम पंचवीसची. पहिल्याच दिवशी तिने मला 'काका' म्हटलं आणि खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजायचं होतं. मी सात वेळा उठलो. "तुमच्या वयाला बारा-चौदा तरी हव्यात," ती म्हणाली. मला बरं वाटलं. आकडा मिळाला, आणि तोही वाईट.

तिने मला पहिल्यांदा धड समजावून सांगितलं. तापात शरीर स्नायूतली प्रथिनं मोडून खातं. वर सतरा दिवस पडून राहिलं की सगळ्यात आधी मांडीचा पुढचा भाग वितळतो, कारण उभं राहायचं काम त्याचं आणि उभं राहणंच बंद. "म्हणजे घरात पाहुणा आला आणि कोठीतलं सगळं खाऊन गेला," आई म्हणाली. ती माझ्याबरोबर यायची, कारण मी सगळं सांगेन यावर तिचा भरवसा नव्हता. "पाहुणा गेल्यावर लगेच पंगत मांडायची नसते," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. दहा हजार बंद. चारशे पावलं चाला, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तर साडेचारशे. काही जणांना श्रमाचा फटका लगेच न बसता एक-दोन दिवसांनी बसतो, त्यांनी तर आपली ताकद पगारासारखी पुरवून वापरायची.

भिंतीवर एक तक्ता होता. शून्य ते दहा अशा वेदना आणि त्याखाली गोल चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. तिने विचारलं, "काका, आज दहापैकी किती?" मी विचार करू लागलो. सकाळचं सांगू की आत्ताचं? खांद्याचं की गुडघ्याचं? आईने तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गुडघ्यात सल आहे, खांदा धरलाय, आणि पोटऱ्या भरून आल्यात. याचे किती होतात ते तूच बघ बाई." त्या मुलीने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. आकड्याचा चौकोन रिकामा सोडला.

खांद्याचं प्रकरण जूनपासून सुरू झालं होतं. एक दिवस डावा हात मागच्या खिशातल्या पाकिटापर्यंत पोचेना. मी डावखुरा आहे. भाजीवाल्यासमोर मी स्वतःभोवती गोल फिरत होतो आणि खिसा माझ्यापुढे पळत होता. फ्रोजन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजून आक्रसतं. आधी नुसतं दुखतं, मग हात गोठतो, मग हळूहळू सुटतो, आणि या तिन्ही अंकांना मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. चाळिशी ते साठीच्या माणसांना तो असाही होतो, मधुमेह असेल तर जास्तच. कोव्हिडमुळे झाला की आपला आपण झाला, असं मी हाडांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांना करता येत होते.

त्यावरचा व्यायाम असा, की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं. जिथे पोचाल तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या हॉलच्या भिंतीवर मुलाची उंची मोजल्याच्या जुन्या खुणा होत्या, पाच वर्षं, सात वर्षं, नऊ वर्षं. त्यांच्या शेजारी आता माझ्या हाताच्या खुणा वाढू लागल्या. जुलैत मी त्याच्या सातवीच्या खुणेशी अडकलो होतो. दिवाळीपर्यंत नववीत गेलो. रंगारी आला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ही भिंत सोडू का?" हिने "सोडा" म्हटलं. कुणाच्या खुणांसाठी, ते मी विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये लशीचा दुसरा डोस घेतला. पहिला एप्रिलच्या सुरुवातीला झाला होता, मग आजार, मग आजारानंतरचे तीन महिने थांबणं. नर्सने विचारलं, "कुठला हात?" मी उजवा दिला, निदान एक तरी चालता राहावा असा विचार न करता. रात्री उजवा दंड सुजला. दोन दिवस दोन्ही हात खाली लोंबत होते. पण या दुखण्याची गंमत काय सांगू! सगळी बिल्डिंग विचारपूस करत होती. मेहुण्याचा फोन आला. ऑफिसने एक दिवस रजा दिली. कारण या दंडाला तारीख होती, बॅच नंबर होता, फोटोसकट प्रमाणपत्र होतं. डावा खांदा दोन महिने बिनबोभाट दुखत होता आणि हा कालचा दंड प्रमाणपत्र घेऊन मिरवत होता.

मग पूजा आली. मी आजारी असताना हिने सत्यनारायण बोलला होता, तो श्रावणात घातला. देवाला ९ गुणांचं काय कौतुक, पण नवस तो नवस. चौरंग, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, सव्वाच्या मापाचा शिरा, सगळं यथासांग होतं. एका गोष्टीचा कुणी विचार केला नव्हता. यजमानाने मांडी घालून बसायचं असतं.

बसणं हा प्रश्नच नव्हता, खाली पडणं सगळ्यांनाच जमतं. पाटावर बसल्यावर मी उजवा पाय हाताने उचलून डाव्यावर ठेवला. संकल्प सोडेपर्यंत ठीक होतं. पहिल्या अध्यायाला रग लागली. दुसऱ्याला मुंग्या आल्या. तिसऱ्या अध्यायात कथेतला वाणी बोललेला नवस विसरतो, तेव्हा मी माझा डावा पाय विसरलो होतो. तो माझाच आहे याची खात्री करायला मी अंगठ्याला चिमटा काढला. दुखला नाही. दुसऱ्यांदा काढला तर ही ओरडली. पाचवा अध्याय संपला आणि गुरुजी म्हणाले, "यजमान, आरतीला उभे राहा."

शेजारी आईने गुडघ्यावर हात टेकला, "पांडुरंगा" म्हणाली आणि उभी राहिली. एवढंच. मी डावीकडे झुकलो, उजवीकडे झुकलो, पुढे रांगलो, आणि हाताला जे लागलं ते धरलं. केळीचा खुंट होता. तो सुतळीच्या दोन वेढ्यांनी चौरंगाला बांधलेला असतो, त्र्याहत्तर किलोंचा माणूस उचलायला नाही. खुंट निघाला. मी तो भाल्यासारखा टेकून उभा राहिलो. आरती तशीच झाली. एका हातात खुंट घेतलेल्या भालदारासारखा मी, दुसऱ्या हाताने घंटा, आणि तीन खुंटांच्या मध्ये बसलेला देव.

सगळे प्रसादाला गेल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "तुम्हालाही होतं वाटतं? मला गेल्या सप्टेंबरात कोव्हिड झाला होता. तेव्हापासून मांडी धड होत नाही."

"मग तुम्ही कसं करता?"

"काय करणार? आमचं पोटच मांडीवर," असं म्हणून त्यांनी उपरणं बाजूला केलं. खाली पाटावर पाट, त्यावर उशी, आणि त्यावर दर्भाची चटई वरून दिसेल अशी अंथरलेली.

२०२४च्या जानेवारीत मुलाने आणखी एक बातमी दाखवली. आम्स्टरडॅममधल्या संशोधकांनी लाँग कोव्हिडच्या रुग्णांना सायकल मारायला लावली, आणि आधी व नंतर त्यांच्या मांडीच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. श्रम केल्यावर त्या स्नायूत इजा झालेली दिसली, पेशींना शक्ती पुरवणारी यंत्रणा मंदावलेली दिसली. म्हणजे रक्तात नव्हतं, ते मांसात होतं. कुणीतरी एकदाचं खणलं. रुग्ण किती होते म्हणाल तर २५. मी हिला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुमचा तुकडा काढला होता का?" नव्हता.

आता बराच बरा आहे. मेतकुटाची बरणी उघडते, मांडी दुसऱ्या अध्यायापर्यंत टिकते. हत्तीच्या पावलांनी आलेलं दुखणं मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. ही मुंगी वाटेत थांबत थांबत चालली आहे इतकंच.

परवाची गोष्ट. सकाळची फास्ट लोकल, आम्ही नेहमीप्रमाणे दोन बाकांच्या मध्ये उभे. घाटकोपर यायला लागलं तसा चौथ्या सीटवरचा गृहस्थ उतरायची तयारी करू लागला. चौथी सीट म्हणजे बाकावर एक मांडी आणि दुसरी अधांतरी. माझ्याच वयाचा माणूस. त्याने आधी बॅग खांद्याला लावली. मग दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. दोन क्षण थांबला. मी ती शांतता ओळखली. मग त्याने आधारासाठी वर हात केला आणि हाताला जे लागलं ते धरलं. माझा डावा खांदा.

"आई गं!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. खांदा सोडला नाही, पण पकड सैल केली.

"दुसरी लाट?" त्याने विचारलं.

"दुसरी. तुम्ही?"

"पहिली. सप्टेंबर वीस," तो म्हणाला, आणि मी नकळत जरा बाजूला सरून त्याला वाट दिली. दारापर्यंत गेल्यावर त्याने मागे वळून सांगितलं, "बसा, बसा. उजवी मांडी आत घ्या. डावीला रग कमी लागते."